गेट नंबर दोनचं रेकॉर्डिंग

साळसकरांनी ते यंत्र माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा त्याच्या फटींतून काळं पाणी गळलं आणि सगळ्या लॅबमध्ये जळक्या वायरचा वास पसरला. साळसकर अग्निशमन दलाचे अधिकारी. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी औद्योगिक वसाहतीतल्या रंगाच्या कारखान्यात बॉयलर फुटला होता, वाळवणीची शेड अख्खी खाली बसली होती, आणि तेव्हापासून ते तिथंच होते. त्यांच्या मागून कारखान्याचा पहारेकरी आत आला. पाष्टे त्याचं नाव, साठीकडे झुकलेला, कपाळाला पट्टी. चपला दाराबाहेर काढून तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"मॅडम, दोन नंबर गेटच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग यात आहे," साळसकर म्हणाले. "मला कालचा दिवस बघायचाय. आत कोण गेलं आणि बाहेर कोण आलं."

मी तेव्हा तालुक्याच्या पॉलिटेक्निकमध्ये संगणकाची लॅब सांभाळत होते. आसपास कुणाचंही मशीन बिघडलं की माझ्याकडे यायचं, त्यामुळे त्यांना माझं नाव कुणीतरी सांगितलं असणार. रेकॉर्डर ज्यानं बसवला त्याला विचारा, असं मी म्हटलं. त्याला फोन झाला होता. तो मुंबईचा, पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला होता.

"पुढच्या आठवड्यात तिथं काही राहणार नाही," साळसकर म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.

कंपनीचं म्हणणं असं होतं, की शेडमध्ये जी माणसं होती ती सगळी मिळाली. काही इस्पितळात होती, काही शवागारात. आत कुणी उरलेलं नाही. उभ्या राहिलेल्या भिंती केव्हाही पडतील, तेव्हा जेसीबी लावून सगळं सपाट करायचं, असं वरून ठरत आलं होतं. फक्त एक बाई गेटवरून हलत नव्हती. सुमन केंद्रे, परभणीकडची. तिचा नवरा महादू एका ठेकेदाराच्या टोळीत तिथं कामाला होता. ठेकेदार म्हणे, तो परवाच काम सोडून निघून गेला. ती म्हणे, सोडून गेला तर त्याचे कपडे खोलीवर कसे.

"तिनं गेटवर सगळ्यांना त्याचा फोटो दाखवला," साळसकर म्हणाले. "ह्या पाष्ट्यांनाही दाखवला. पण गेटमधून रोज एवढी माणसं जातात, यांना काही ओळख पटली नाही."

पाष्टेकाका खाली बघत होते.

कंपनीच्या मालमत्तेबरोबर कंपनीचा एक माणूस हवा, म्हणून त्यांना माझ्याकडे ठेवून साळसकर परत गेले.

मी रेकॉर्डर उघडला. आतला मुख्य बोर्ड जळून गेला होता, पण चार डिस्क आणि त्या जोडलेल्या होत्या ते कार्ड शाबूत होतं. कार्ड महत्त्वाचं होतं. रेकॉर्डिंग चारही डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी पसरलेलं असतं आणि कुठला तुकडा कशाच्या पुढं, हे त्या कार्डालाच ठाऊक असतं. नुसत्या डिस्क लावून हाती काही आलं नसतं. मी सगळं कोरडं केलं, कार्ड आणि डिस्क लॅबच्या एका संगणकात बसवल्या आणि लिनक्स ही संगणक चालवणारी मुक्त प्रणाली सुरू केली.

लिनक्सला कार्ड दिसलं, पण ते काय आहे हे कळलं नाही. प्रत्येक कार्डावर त्याचा नंबर असतो, आणि लिनक्समधला जो ड्रायव्हर, म्हणजे छोटा प्रोग्राम, ते चालवतो त्याच्याकडे ओळखीच्या नंबरांची यादी असते. ह्या कार्डाचा नंबर कुठल्याच यादीत नव्हता. पडद्यावर अनोळखी उपकरण एवढंच आलं. डिस्क एकही नाही. रेकॉर्डरच्या आतही लिनक्सच होतं, पण बनवणाऱ्यानं ह्या कार्डापुरता ड्रायव्हर स्वतःचा लिहिला होता आणि तो जळालेल्या बोर्डावरच्या चिपमध्ये होता.

दुपारी सुमन आली. साळसकरांच्या जीपमधून कुणीतरी तिला आणून सोडलं होतं. पंचविशीची असेल. तिनं फोटो माझ्यापुढं धरला. जत्रेत काढलेला, मागे रंगवलेला धबधबा. फोटोतल्या माणसाचा डावा खांदा जरा उतरलेला होता.

"उसाच्या मोळ्या वाहून तसा झालाय," ती म्हणाली. "चालतो बी तसाच."

मी तिला बसायला सांगितलं. ती खुर्चीवर बसली नाही, भिंतीशी जमिनीवर बसली. पाष्टेकाका तिथून उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले.

काम करता करता मी तिच्याशी बोलत होते. रविवारी दोघांचं भांडण झालं होतं. तिला गावी परत जायचं होतं, त्याला ठेक्याचं काम संपेपर्यंत राहायचं होतं. तो रागानं म्हणाला होता, तुला नको असलं तर मीच जातो कुठंतरी. सोमवारी पहाटे तो उठला, तेव्हा ती जागी असून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली होती. तो कधी गेला, कुठं गेला, हे तिला माहीत नव्हतं.

"ठेकेदार म्हणतो पळून गेला," ती म्हणाली. मी कीबोर्डवर होते. "ताई, ते खरं असलं तर बरं व्हईल. दुसरी बायको केली असंल तरी चालंल. जिता तर असंल."

मी मान वर करून बघितलं. ती अगदी मनापासून बोलत होती.

त्या कार्डाचं एक जुनं भावंड होतं, ते बनवणाऱ्यांचंच, आणि त्याचा ड्रायव्हर लिनक्समध्ये होता. लिनक्सचा फायदा हा, की ड्रायव्हरचा मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो. मी त्याच्या यादीत ह्या कार्डाचा नंबर लिहिला. हेही तुझंच आहे, धर म्हणून सांगितलं. ड्रायव्हर तयार करून चालवला. त्यानं कार्ड पकडलं, ते पुन्हा सुरू करण्याचा हुकूम सोडला, आणि सगळा संगणक गोठला. कार्डावरचा हिरवा दिवा गेला तो परत लागलाच नाही. मी वीज बंद केली. कार्ड मेलं असतं तर सगळं तिथंच संपलं असतं. पुन्हा सुरू केल्यावर दिवा लागला.

पाष्टेकाकांनी चहा आणला. कप ठेवताना त्यांनी विचारलं, "दिसंल का त्यात, मॅडम?"

कार्डानं ऐकलं तर दिसेल, असं मी म्हणाले.

"आनि नाय ऐकलं तर?"

"तर उद्या जेसीबी लागेल."

ते तसेच उभे राहिले. मला वाटलं, काही बोलणार आहेत. पण त्यांनी सुमनपुढं दुसरा कप ठेवला आणि बाहेर गेले. तिनं त्यांना मामा म्हणून हाक मारली आणि विचारलं, तुमच्या डोक्याला लई लागलं का. ते म्हणाले, नाय, नाय.

त्या ड्रायव्हरवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांची एक मेलिंग लिस्ट होती, एकाचा ईमेल सगळ्यांना जाणारी. मी तिथं कार्डाचा नंबर, काय केलं, कुठं गोठलं ते सगळं लिहिलं. शेवटी एक वाक्य घातलं, की ह्या डिस्कमध्ये काय आहे त्यावर ढिगाऱ्याखाली माणसं शोधायची की नाही हे ठरणार आहे. असं तिथं कुणी लिहीत नाही. मीही एरवी लिहिलं नसतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. पोलंडमधल्या एका माणसाचं, ज्याचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. त्यानं लिहिलं होतं, की नव्या कार्डाला पुन्हा सुरू व्हायला बराच जास्त वेळ लागतो, आणि तयार झाल्याची खूण ते जुन्या जागी न ठेवता दुसऱ्या जागी ठेवतं. ड्रायव्हर जुन्या जागी बघत बसतो आणि अडकतो. कुठल्या जागी बघायचं तेही त्यानं दिलं होतं. खाली लिहिलं होतं, डिस्कवर काही लिहू नका, फक्त वाचा.

मी बदल केले. साळसकरांचा फोन आला. जेसीबी गेटवर येऊन उभा होता, आणि त्याला थोपवून धरायला त्यांच्याकडे आता कारण उरलं नव्हतं. थोडा वेळ द्या, मी म्हटलं. ड्रायव्हर तयार होत असताना पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि सुमन त्या वाचता येत असल्यासारखी बघत होती.

ह्या वेळी दिवा गेला, आम्ही वाट बघितली, आणि तो परत लागला. मग पडद्यावर कार्डाचं नाव आलं आणि त्याखाली एक मोठी डिस्क. चार मिळून एक. मी ती फक्त वाचण्यापुरती उघडली. आत तारखांचे फोल्डर होते.

साळसकरांना बोलावलं. ते आले तसे उभेच राहिले. पाष्टेकाकांनाही त्यांनी आत यायला सांगितलं, माणसं ओळखायला उपयोग होईल म्हणून. ते दाराशी थांबले.

चित्र काळंपांढरं होतं, वरून घेतलेलं. गेट, पहाऱ्याची केबिन, पलीकडे रस्त्याचा तुकडा. सोमवारची सकाळ. माणसं आत येत होती, तोंडाला फडकी, डोक्यावर टोप्या. चेहरा एकाचाही दिसत नव्हता. सुमन पडद्यापासून वीतभर अंतरावर येऊन बसली होती. एकेक माणूस ती निरखत होती. मग तिनं बोट टेकवलं.

"ह्यो."

डावा खांदा पाडून चालणारा माणूस, टोळीतल्या इतर चौघांबरोबर. तो आत गेला. म्हणजे काम सोडून गेला नव्हता. साळसकरांनी माझ्याकडे बघितलं. मी चित्र भराभर पुढं नेऊ लागले. दुपार झाली. जेवणाची सुट्टी. काही माणसं बाहेर आली, परत गेली. पुन्हा गेट रिकामं झालं. आणि मग तो खांदा पाडून चालणारा माणूस एकटाच बाहेर आला. केबिनपाशी क्षणभर थांबला, रस्त्याला लागला आणि डावीकडे चालत चित्राच्या बाहेर गेला.

"गेला," सुमन म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. इतका आनंद मी कुणाच्या चेहऱ्यावर क्वचितच बघितला असेल. ती माझा दंड धरून हलवत होती. "गेला बगा, ताई. बाहीर गेला. रागावलाच व्हता त्यो. गेला." तिनं पदरानं डोळे पुसले आणि हसली. "येऊ दे कवा यायचं तवा."

मी चित्र थांबवलं होतं. मला तिथंच थांबवावंसं वाटत होतं. साळसकर हळूच म्हणाले, "पुढं चालवा, मॅडम."

पुढं बराच वेळ काही नव्हतं. एक कुत्रं गेटमधून आत आलं आणि बाहेर गेलं. सुमन आता मागे सरून बसली होती, तिचं लक्षही नव्हतं. मग रस्त्याच्या डावीकडून एक माणूस आला. उजव्या खांद्यावर पाण्याचा मोठा कॅन. डावा खांदा उतरलेला.

कंपनीचं गार पाणी ठेकेदाराच्या माणसांसाठी नसायचं, हे मला नंतर कळलं. ते पाळीपाळीनं बाहेरच्या हापशावरून आणायचे. सोमवारी त्याची पाळी होती. जाताना रिकामा कॅन त्याच्या अंगाआड असणार, आम्हाला दिसला नव्हता.

तो केबिनपाशी थांबला. केबिनमधून पहारेकरी बाहेर आला, हातात पेला घेऊन. त्या माणसानं कॅन खाली ठेवला, तिरका करून पेला भरून दिला. पहारेकरी पाणी प्यायला. दोघं काहीतरी बोलले, पहारेकऱ्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि वाकून कॅन उचलून त्याच्या खांद्यावर ठेवायला हात दिला. तो माणूस आत गेला. थोड्या वेळानं चित्र हादरलं आणि सगळं पांढरं झालं. त्या पांढऱ्यात पहारेकरी शेडच्या दिशेनं धावत जाताना शेवटचा दिसला.

साळसकर वळून दाराकडे बघत होते. पाष्टेकाका दाराच्या चौकटीला धरून उभे होते.

सुमन उठली. त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. मला वाटलं, ती त्यांना मारेल. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "पानी गार व्हतं का, मामा?"

पाष्टेकाका खाली बसले. साळसकर तोवर जिन्यावरून खाली गेले होते, फोनवर कुणालातरी जेसीबी मागे घ्यायला सांगत.

तुकड्यातुकड्यानं पाष्टेकाकांनी मला सांगितलं. सोमवारी संध्याकाळी त्यांना ऑफिसात बोलावलं होतं. ठेकेदाराच्या माणसांची नोंद नाही, तेव्हा ती तिथं नव्हती. तू कुणाला बघितलं नाहीस, असं सांगण्यात आलं. त्यांची दोन्ही मुलं त्याच कंपनीत कामाला होती, ह्याचीही त्यांना आठवण करून दिली गेली.

"मला वाटलं, यंत्र सांगंल," ते म्हणाले. "यंत्रानं सांगितलं म्हनजे मला सांगायला नको."

त्या दुपारी पुन्हा खणायला सुरुवात झाली. शेडच्या टोकाला जमिनीखाली पंपाचा खड्डा होता, टोळी तिथं काम करत होती. संध्याकाळपर्यंत त्यांना पाच माणसं मिळाली. चार मेलेली. त्यांत महादू होता. पाचवा जिवंत होता. त्रिनाथ त्याचं नाव, ओडिशाचा. त्याच्याबद्दल गेटवर कुणीच विचारलं नव्हतं, कारण तो इथं आहे हे त्याच्या घरच्यांना माहीत नव्हतं. त्याचा एक पाय कापावा लागला.

साळसकर मला इस्पितळाच्या व्हरांड्यात भेटले. त्रिनाथनं त्यांना सांगितलं होतं, की महादू तुळईखाली अडकला होता, पण शुद्धीत होता. कॅन त्याच्याबरोबरच खाली आला होता, चेपलेला, थोडं पाणी राहिलेला. ते त्यांनी झाकणानं मोजून प्यायलं. महादूचा घसा गेल्यावरही तो त्रिनाथला धीर देत होता. म्हणत होता, घाबरू नको, गेटवरच्या काकांनी मला कॅन उचलून दिलाय, मी आत आहे हे त्यांना माहीत आहे, ते सांगतील. मंगळवारी रात्री केव्हातरी तो बोलायचा थांबला.

"तिला हे सांगू नका," साळसकर म्हणाले. पण सुमन त्याआधीच त्रिनाथच्या खाटेशी जाऊन आली होती.

पाष्टेकाका दोन दिवसांनी लॅबमध्ये आले. ह्या वेळी चपला काढल्या नाहीत. त्यांनी विचारलं, जो जिवंत सापडला तो काय बोलला. मला टाळता आलं असतं. मी सांगितलं, जसं ऐकलं होतं तसं, कमीजास्त न करता.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मंगळवारी दुपारी होता म्हनजे."

"हो."

"तेवा मी हितं चहा आनत होतो."

ते उठले आणि तिथून थेट पोलीस चौकीत गेले. त्यांनी सगळं लिहून दिलं, ऑफिसात कोण काय म्हणालं तेही. त्यांची नोकरी गेली, मुलांचीही गेली. मोठ्या मुलानं त्यांच्याशी बोलणं सोडलं, असं नंतर कानावर आलं. ठेकेदार आणि व्यवस्थापक आत गेले, जामिनावर सुटले. खटला माझी बदली होईपर्यंत चाललाच होता.

मी केलेले बदल पोलंडच्या त्या माणसानं तपासून पुढं पाठवले. आता कुठल्याही लिनक्सला ते कार्ड लावलं की लगेच ओळखतं, कुणाला काही करावं लागत नाही. त्यानं विचारलं होतं, माणसं मिळाली का. मी लिहिलं, एक.

सुमन महादूला घेऊन गावी गेली त्या दिवशी रुग्णवाहिका कॉलेजच्या फाटकाशी थांबली होती. दीर पुढं ड्रायव्हरशेजारी बसला होता. ती एकटीच जिना चढून वर आली. डिस्क पोलिसांनी नेल्या होत्या, पण मी आधी त्यांची एक प्रत करून ठेवली होती, आणि हे तिला बहुतेक साळसकरांनी सांगितलं असावं.

"एकदा दावा," ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, सुमन, नको.

"समदं नगं. त्यो बाहीर जातो तेवढंच."

मी लावलं. ती खुर्चीवर बसली नाही, उभ्यानंच बघत होती. दुपार, रिकामं गेट. तो बाहेर आला, केबिनपाशी क्षणभर थांबला, रस्त्याला लागला. खांदा पाडून, सावकाश, डावीकडे चालत गेला आणि चित्राच्या कडेला दिसेनासा झाला.

"बास," ती म्हणाली. मी तिथं थांबवलं.